तेरावी पायरी

पोकलेनने पहिला घास घेतला तो मागच्या जिन्याचा. नामसो बाजाराची ती जुनी दुमजली इमारत अशी हादरली, की वरच्या मजल्यावर ऑफिसात जमिनीवर झोपलेल्या योम ग्यूसोकच्या तोंडावर कपाटातून नकाशांच्या गुंडाळ्या येऊन पडल्या. तो धडपडत खिडकीशी गेला. खाली मागच्या गल्लीत ते पिवळं धूड उभं होतं, त्याचे दात जिन्याच्या कठड्यात रुतले होते आणि काँक्रीटच्या पायऱ्या एकामागून एक खाली कोसळत होत्या. शनिवार होता, सकाळचे पावणेसात. बुसानच्या बंदरावर ऊन नुकतंच आलं होतं.

“दादा, बाहेर पडायची दुसरी वाट तोडली यांनी,” ग्यूसोक ओरडला. “हे साफ बेकायदा आहे!”

मेंग इनबोम बूट घालत होता. ऑफिस त्याचं, नकाशेही त्याचेच. त्याने वर बघितलं. “बरं झालं सांगितलंस. आता खाली जा आणि पोकलेनला कलम वाचून दाखव.”

दोघेही आर्किटेक्ट. सोलच्या एकाच कॉलेजात शिकले. मेंग पाच वर्षांनी मोठा, म्हणून तेव्हापासून दादा. पण पुढे दोघांच्या वाटा अशा फुटल्या की एकाच धंद्यातले म्हणून कुणाला सांगूनही खरं वाटू नये. ग्यूसोक सोलच्या एका बड्या ऑफिसात लागला. तिथे सहाशे माणसं आणि प्रत्येकाला एकच काम. एकजण आयुष्यभर संडासांचे नकाशे काढतो, एकजण गाड्या लावायची तळघरं, एकजण नुसत्या काचा. ग्यूसोकच्या वाट्याला आले जिने. पंधरा वर्षं त्याने दुसरं काही काढलं नव्हतं. चाळीस मजली टॉवरला आग लागली तर माणसांनी कसं उतरायचं, किती रुंदीतून, किती वेळात, हे त्याच्याइतकं नेमकं देशात कुणी सांगू शकत नव्हतं. ऑफिसात त्याला जिनेसाहेब म्हणत, आणि त्याला ते आवडायचं.

मेंग आपल्या गावी परत आला आणि या मासळीबाजाराच्या माथ्यावर खोली घेऊन बसला. येईल ते काम तो करायचा. कोळंबीच्या गाळ्याची मोरी, बालवाडीचं छप्पर, न्हाणीघर, चर्चची पाटी, एकदा तर कुणाच्या आजोबांचं थडगं. पंचेचाळिशी आली तरी ऑफिसात तो एकटाच. दोन महिन्यांपूर्वी त्याने ग्यूसोकला पत्र लिहिलं होतं, की ये, भागीदार हो. आणि इकडे सोलच्या ऑफिसने ग्यूसोकला जिने विभागाचा प्रमुख करायचं ठरवलं होतं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. दादाला नकार समोर येऊन सांगावा, निदान तेवढी माणुसकी ठेवावी, म्हणून तो शुक्रवारी बुसानला आला होता.

नाही म्हणायचं राहून गेलं आणि भांडण मात्र झालं. संध्याकाळी समोरच्या खाणावळीत डुकराच्या रश्श्यात भात कालवताना दोघांची नेहमीसारखी जुंपली.

“दादा, तुझं ऑफिस म्हणजे या खाणावळीची पाटी आहे. साठ पदार्थ लिहिलेत आणि सगळ्यांची चव एकच.”

“आणि तू रे? पंधरा वर्षं जिने चढतोयस, पोचलास कुठल्या मजल्यावर?”

“मला एकच गोष्ट येते. पण जी येते ती येते.”

“येते ना, कोण नाही म्हणतंय?” मेंगने त्याच्या वाटीत किमचीचा मोठा तुकडा टाकला. “पण त्या जिन्यावरून जाणारा माणूस कुठून येतोय नि कुठे चाललाय, हे कधी विचारलंस?”

“भांडा हवं तेवढं,” खाणावळीची मावशी पलीकडून म्हणाली, “पण माझा रस्सा गार करू नका.”

ग्यूसोकने मान खाली घालून भात संपवला. बाजारात शिरतानाच त्याने तो भला मोठा फलक पाहिला होता. बाजार पाडून तिथे पंचेचाळीस मजली टॉवर होणार होता, त्याचं रंगीत चित्र. तो टॉवर त्याच्या ओळखीचा होता. गेल्या हिवाळ्यात त्याने त्याचे जिने काढले होते. कागदावर जागेचं नाव नव्हतं, नुसता एक नंबर होता, आणि पंधरा वर्षांत नंबरामागे काय आहे असं विचारायची त्याला गरज पडली नव्हती. हे त्याने मेंगला सांगितलं नाही. लाज वाटली, दुसरं काय.

जमीनमालकांच्या पुनर्विकास मंडळाने कोर्टातून जागा खाली करायचा हुकूम आणला होता. बहुतेक गाळेवाले मिळेल ते घेऊन गेले. बावीसजण अडून बसले होते. आम्हाला नव्या इमारतीत गाळा द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि मेंगही त्यांच्यात होता. आता मंडळाने त्यांच्यावर भाडोत्री गुंड सोडले होते.

ते समोरून आत शिरले. शंभर तरी असतील. काळी जॅकेटं, हेल्मेटं, हातात ढाली आणि लोखंडी नळ्या. रस्त्यापलीकडे पोलिसांच्या दोन बस उभ्या होत्या आणि पोलीस ओळीने उभे राहून समुद्र बघत होते. तळमजल्यावर माशांच्या काचेच्या टाक्या फुटायला लागल्या. पाणी, काचा आणि तडफडणारे मासे यांचा जमिनीवर चिखल झाला. वाम मासे विकणारा म्हातारा आपल्या टाकीसमोर हात पसरून उभा राहिला, तर एकाने नळी घालून त्याचा हात कोपरातून मोडला. हाड मोडल्याचा आवाज जिन्यापर्यंत आला. म्हातारा ओरडलासुद्धा नाही, नुसता खाली बसला. मग त्याला केसांना धरून फरफटत रस्त्यावर नेऊन टाकलं. ग्यूसोकने आयुष्यात कधी कुणाच्या थोबाडीत मारली नव्हती. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून तो हे बघत होता आणि त्याचे दात आपोआप आवळले जात होते.

“वर या! सगळे वर या!” चोन पाल्दक ओरडत होता. हा बाजारातला मासे कापणारा, दारासारखा रुंद माणूस. डोक्याला लाल पट्टी, हातात बर्फ फोडायचा आकडा. लोक धावत वर आले. पुढच्या जिन्याला वीस पायऱ्या होत्या, दहा चढल्या की वळण, मग आणखी दहा. वरच्या टोकाला त्यांनी दोन फ्रीझर आडवे टाकून वाट बंद केली. मेंग कुठे होता? तो सगळीकडे होता. गॅसच्या टाक्या बंद करून गच्चीवर नेत होता, नळाला पाइप जोडत होता, वामवाल्याच्या बायकोला पाणी पाजत होता. नेहमीसारखा.

खाली गुंड तोडफोडीत रमले होते. पाच-दहा मिनिटं मिळणार होती. ग्यूसोक फ्रीझरवरून पलीकडे उतरला आणि जिन्यावर बसला. खिशातला टेप त्याने काढला, तो त्याच्या खिशात कायमच असायचा. पायरीची उंची मोजली. एकशे सत्तर मिलिमीटर. त्याच्या खालची, एकशे सत्तर. त्याच्या खालची, तेवढीच. वळणापर्यंत त्याने दहाही मोजल्या आणि पुन्हा वर बघितलं. मोठमोठ्या कंत्राटदारांना धमक्या देऊनही त्याला कधी असा जिना मिळाला नव्हता. कुठे ना कुठे चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे व्हायचेच.

“हा जिना कुणी केलाय?” त्याने वर विचारलं.

“कोण करणार? मेंगदादानं,” चोन म्हणाला. “जुना लाकडी कुजला होता ना. महिनाभर गवंड्याच्या मानगुटीवर बसला होता. तीन पायऱ्या फोडून पुन्हा करायला लावल्या. गवंडी रडला हो अक्षरशः! आता हे काय मोजत बसलाय तुम्ही?”

काल संध्याकाळी आपण या माणसाला खाणावळीची पाटी म्हणालो.

पण लाज वाटत असतानाच डोक्याचा दुसरा कोपरा चालू झाला होता, आणि तो कोपरा पंधरा वर्षांचा तयार होता. माणसाचा पाय पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत उंची शिकतो आणि मग बघायचं सोडून देतो. वेडावाकडा जिना असला तर माणूस जपून चढतो. जिना जितका नेमका, तितका पाय निर्धास्त. अशा जिन्यात एकच पायरी तीन सेंटिमीटर वर उचलली, तर पळत चढणाऱ्याची बोटं तिथे अडकणारच. आणि वळणानंतर माणूस वेग घेतो. म्हणजे तेरावी.

“पाल्दक, तुमचा मासे कापायचा पाट द्या. आणि करवत, हातोडी, पोलादी खिळे.”

प्रत्येक पायरीवर काळी रबराची पट्टी होती. त्याने तेराव्या पायरीची पट्टी उचकटली, तीन सेंटिमीटर जाडीचा पाट बरोबर बसेल असा कापून खाली ठेवला, खिळे ठोकले आणि वरून पट्टी पुन्हा बसवली. मागे सरून बघितलं. कुणालाही दिसलं नसतं. माणसं पडू नयेत म्हणून पंधरा वर्षं जे शिकला होता, ते सगळं त्याने सहा मिनिटांत उलटं करून वापरलं.

“तेरावीवर पाय द्यायचा नाही कुणी,” फ्रीझरवरून परत येत तो म्हणाला. “वळणावरून तिसरी. वर सगळ्यांना सांगा.”

“खडूची खूण करू?”

“वेडे आहात का? त्यांनाही दिसेल.”

त्याच्या ऑफिसात असा बदल कुणी केला असता, तर नकाशावर त्या जागेभोवती लाल शाईने ढग काढावा लागला असता. बदल कुठे झालाय ते दिसावं म्हणून लाल ढग, खाली तारीख, नाव, आणि मग तो कागद सगळ्या विभागांत फिरून प्रत्येकाची सही. पंधरा वर्षांत ग्यूसोकने एकही सही चुकवली नव्हती. इथे त्याने तोंडी निरोप दिला, आणि तो कुणाकुणाला पोचला हे विचारलं नाही.

ते आले. आधी आग विझवायच्या नळकांड्यांतून पांढरी पूड फवारत, मग ढाली पुढे धरून. पहिल्या दहा पायऱ्या त्यांनी धडधड चढल्या. वळणावर पांढऱ्या हेल्मेटवाला त्यांचा म्होरक्या ओरडला, “चला, मच्छीवाले आहेत, मारा!” आणि ते सुटले. अकरा. बारा.

म्होरक्याचा बूट तेराव्या पायरीला अडला आणि तो सबंध अंगानिशी पुढे आला. सोळाव्या पायरीच्या काठावर त्याचं तोंड आपटलं. त्याच्यावर मागचा पडला, त्याच्या ढालीची कड तिसऱ्याच्या गळ्यात शिरली, मागून येणाऱ्यांना थांबता येईना. बघता बघता सात-आठ माणसांचा ढीग झाला.

“हाणा!” चोन गरजला.

वरून गोठलेल्या बांगड्यांच्या लाद्या सुटल्या. एकेक लादी पंधरा किलोची. एक एकाच्या खांद्यावर बसली आणि त्याचा हात लुळा होऊन लोंबायला लागला. दुसरीने एकाचं हेल्मेट चिरलं. चोन फ्रीझरवर चढून आकड्याने ढाली ओढत होता आणि ढालीमागच्या माणसाला लाथ घालत होता. बोक्सुन मावशी, सत्तर वर्षांची, सुकी मांदेली विकणारी, ती उकळत्या पाण्याची किटली घेऊन आली आणि “घ्या रे रांडेच्यांनो, चहा घ्या!” म्हणत तिने ती ढिगावर रिकामी केली. किंकाळ्या अशा उठल्या की खालचे मागे पळाले.

म्होरक्या हातापायांवर सरपटत खाली चालला होता. त्याचा जबडा एका बाजूला गेला होता. सोळाव्या पायरीवर त्याचे दोन दात पडलेले ग्यूसोकला दिसले.

त्याला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, त्याच्या अंगावर आनंदाने काटा आला. आपलं काम माणसांच्या पायाखाली कसं चालतं, हे त्याने आजवर कधी बघितलंच नव्हतं. आज बघितलं. त्या क्षणी त्याने ठरवूनही टाकलं, की सोमवारी सोलला कळवायचं, मी येत नाही, मी इथे दादाकडे राहणार. हे दादाला आत्ताच्या आत्ता सांगावंसं वाटलं. पण दादा गच्चीवर होता.

“तुमच्या तर पायाच पडायला हवं!” चोनने त्याच्या पाठीत अशी थाप मारली की तो फ्रीझरवर आदळला. “एक पाट नि सात माणसं!”

त्यांचं हसणं संपायच्या आत खालून धूर आला. मार खाल्लेली माणसं सरळ वागत नाहीत. त्यांनी मागच्या गल्लीत माशांची थर्माकोलची खोकी रचली, वर टायर टाकले आणि पेटवून दिलं. मागचा जिना पाडल्याने तिथे भिंतीला भगदाड पडलं होतं. त्यातून काळा, तेलकट धूर वरच्या मजल्यावर भसाभस शिरायला लागला. दोन मिनिटांत समोरचा माणूस दिसेना.

“फ्रीझर काढा! खाली चला!”

आता लढाई संपली होती, आता फक्त जीव वाचवायचा होता. पोलिसांनाही अखेर समुद्राकडून तोंड फिरवावं लागलं होतं. त्यांनी गुंडांना रस्त्यावर मागे रेटलं होतं. ग्यूसोक वळणावर उभा राहिला आणि एकेकाला हाताला धरून तेरावी ओलांडून देऊ लागला. हे त्याचं खरं काम होतं. उतरताना तर ती पायरी चढण्यापेक्षा वाईट होती. पाय आधी तीन सेंटिमीटर लवकर टेकणार, आणि पुढचं पाऊल तीन सेंटिमीटर जास्त खोल पडणार. “तेरावी सोडा, कठडा धरा, तेरावी सोडा!” सतरा, अठरा, एकोणीस माणसं गेली. मग त्याला ढास लागली. डोळे मिटले. कुठल्यातरी पोलिसाने त्याची कॉलर धरून त्याला बाहेर ओढलं.

रस्त्यावर तो ओकला. मग त्याने डोकी मोजली. सवयच ती, किती माणसं, किती वेळात. दोन कमी होती.

“बोक्सुन मावशी कुठाय?”

“ती तिचा मांदेलीचा डबा आणायला मागे वळली,” चोन खोकत म्हणाला. “मेंगदादा गेलाय तिला आणायला. येईल तो.”

“दादाला तेरावीचं कुणी सांगितलं?”

चोनने बायकोकडे बघितलं. बायकोने वामवालीकडे बघितलं.

“मी नाही सांगितलं,” चोन म्हणाला. “पण त्याला ठाऊक असणारच की. मेंगदादाला ठाऊक नाही असं बाजारात काय आहे?”

सगळ्यांना तसंच वाटलं होतं. सगळं करणारा माणूस, त्याला सगळं ठाऊक. आणि ग्यूसोकला वाटलं होतं की आपलं काम पायरीचं, निरोप कुणीतरी पोचवेल.

तो आत पळाला. पोलिसाच्या हाताला हिसडा देऊन, काचांवरून, मेलेल्या माशांवरून घसरत. दहा पायऱ्या चढून वळणावर पोचला. वर काही दिसत नव्हतं, पण बुटांचा आवाज येत होता. भरभर, एकसारखा आवाज. या जिन्यावरून अकरा वर्षं दिवसातून दहादा उतरणाऱ्या माणसाचे पाय होते ते. ग्यूसोकने ओरडायला तोंड उघडलं आणि धूर सरळ छातीत गेला. आवाज फुटला नाही, नुसता खोकला आला.

“ग्यूसोक का रे तो?” वरून मेंग म्हणाला. “थांब तिथेच, वर येऊ नकोस. आलोच मी. मावशी, गळा आवळू नका हो, मरीन मी!”

म्हातारी त्याच्या पाठीवर होती. सोळा. पंधरा. चौदा.

बूट तेरावीवर लवकर टेकला, पुढचा पाय हवेत राहिला, आणि मेंग तोल जाऊन पुढे आला. पडता पडता त्याने अंग वळवलं. म्हातारी वर यावी, आपण खाली जावं, एवढं त्याला त्या निमिषात सुचलं. त्याची मान वळणावरच्या भिंतीच्या कोपऱ्यावर आपटली. म्हातारी त्याच्या छातीवर पडली, तिचं मनगट मोडलं आणि मांदेली सगळीकडे उधळली.

ग्यूसोकने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. कानातून रक्त येत होतं. मेंगचे डोळे उघडे होते आणि ते वर, पायऱ्यांकडे बघत होते. दुखण्यापेक्षा त्याला नवल वाटत होतं.

“माझा जिना...” तो म्हणाला. “ग्यूसोक, कुठे चुकलं रे माझं?”

“नाही दादा, तुझं नाही, दादा, ऐक...”

पण स्ट्रेचरवाल्यांनी त्याला बाजूला ढकललं. मेंग इनबोम हॉस्पिटलच्या दारात पोचण्याआधीच गेला.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, निरीक्षक बांग कागदपत्रं पुरी करायला बाजारात आले. जिना दोरी बांधून बंद केलेला होता. पुनर्विकास मंडळाचे अध्यक्षही आले होते, काळा टाय लावून. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं आणि ते बऱ्यापैकी जमलं होतं.

“प्रकरण सरळ आहे,” बांग म्हणाले. “आमची सात माणसं...”

“तुमची?” चोनने विचारलं.

“ती सात माणसं याच जिन्यावर पडली आणि नंतर मेंगही पडले. एकाच जागी आठजण पडतात याचा अर्थ जिनाच सदोष आहे. मेंग यांनीच बांधला होता ना? ते सगळंच थोडंथोडं करायचे म्हणे.” त्यांनी लिहायला घेतलं. “जुनं, ओबडधोबड बांधकाम. अपघात. कुणावर गुन्हा नाही. सगळ्यांच्याच सोयीचं.”

अध्यक्षांनी मान डोलावली. धोकादायक इमारत लवकर पाडलेली बरी, असंही ते म्हणाले.

चोनने ग्यूसोकला बाहेर ओढून कोपऱ्यात घेतलं. “साहेब, गप्प बसा. पाया पडतो. ते सात गुंड आणि दादा, सगळं तुमच्या बोकांडी बसेल. दादा तर गेला. तुम्हीही तुरुंगात गेलात तर आम्हाला काय मिळणार आहे?”

“दादा विचारून गेलाय मला,” ग्यूसोक म्हणाला.

सकाळी सोलहूनही फोन आला होता. प्रमुखपदाचं पत्र तयार आहे, त्या बुसानच्या भानगडीत आपलं नाव कुठे येऊ देऊ नका. तो फोन त्याने मध्येच ठेवून दिला होता.

तो परत आला, दोरी ओलांडून जिन्याशी गेला आणि खिशातला टेप काढला. “निरीक्षकसाहेब, ओबडधोबड लिहिण्याआधी मोजा.”

“तुम्ही कोण?”

“योम ग्यूसोक. जिने हेच माझं काम आहे. देशात कुणालाही विचारा.”

बांग कंटाळले होते, पण उपस्थितांसमोर नाही म्हणता येईना. ते वाकले. ग्यूसोक टेप धरायचा आणि बांगना मोठ्याने वाचायला लावायचा. “एकशे सत्तर. एकशे सत्तर. एकशे सत्तर.” पाचव्या पायरीला त्यांचा आवाज बदलला. दहाव्या पायरीला ते स्वतःच टेप नीट धरायला लागले. “अकरा, एकशे सत्तर. बारा, एकशे सत्तर. तेरा...” ते थांबले. “दोनशे?”

“दोनशे. आता हे बघा.” ग्यूसोकने जिन्याशी पडलेली पहार घातली आणि रबराची पट्टी उचकटली. खाली पाट होता. लाकडावर सुरीचे वार होते आणि माशांचे खवले चिकटले होते. त्याने तो काढून अध्यक्षांच्या चकाकत्या बुटांपाशी टाकला. “आता मोजा.”

“एकशे सत्तर,” बांग हळूच म्हणाले.

“हा पाट मी ठोकला. शनिवारी सकाळी. तुमची ती सात माणसं मी पाडली, आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. मेंग इनबोमलाही मीच पाडलं. सगळ्यांना सांगितलं, त्याला सांगायचं राहिलं.” त्याने बांगच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. “तुमच्याकडे लाल पेन आहे?”

बांगनी पेन दिलं. त्यांच्या कागदावर जिन्याचं कच्चं चित्र होतं. ग्यूसोक पायरीवर बसला, तेराव्या पायरीभोवती त्याने लाल ढग काढला, अगदी ऑफिसात काढायचा तसा, गोल गोल कडांचा. खाली शनिवारची तारीख घातली, नाव लिहिलं, सही केली. मग कागद परत देऊन दोन्ही हात पुढे केले. बांगनी बेड्या काढल्या, एका हातात अडकवली, दुसऱ्या हातात अडकवायला गेले, तर ग्यूसोकने तो हात मागे घेतला.

“थांबा. आधी तो ओबडधोबड शब्द खोडा. आणि तिथे लिहा, वीसच्या वीस पायऱ्या मेंग इनबोमने बिनचूक बांधल्या.”